सरदारांच्या तंबूतलं पत्र

कारखानीसांना शिंक आली तरी ते आधी नियमांचं पुस्तक काढून बघतील, असं आमच्या कार्यालयात म्हणायचे. म्हणणारी मीच होते, त्यामुळे ते खरं मानायला हरकत नाही. शांताराम तात्याराव कारखानीस, मूळ गाव भोर, नोकरी दिल्लीत, राहणं यमुनेपलीकडे गाझियाबादच्या नव्या सोसायटीत. मी त्यांच्याच विभागात त्यांच्या हाताखाली होते आणि त्यांच्याच सोसायटीत एक मजला खाली राहत होते. म्हणजे हा माणूस मला सकाळी नऊपासून रात्री कचऱ्याचा डबा बाहेर ठेवीपर्यंत दिसायचा, आणि कुठल्याही वेळी तो एकसारखाच असायचा.

आमचं काम जुन्या मराठी कागदांचं. केंद्र सरकारच्या एका दफ्तरात मोडीतले हजारो कागद पडून होते, त्यांच्या याद्या करायच्या. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते नियमात बसणारं नाही. मोडी मला कारखानीसांनी शिकवली. त्यांना ती त्यांच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, पाटीवर शिकवली होती. तात्या भोरच्या संस्थानी कचेरीत नकलनवीस होते. कारखानीसांचं अक्षर इतकं देखणं होतं, की यादीत नुसता ‘कागद फाटका’ असा शेरा त्यांनी मारला तरी तो फाटका कागद आपल्याला बघावासा वाटायचा.

बाकी माणूस नाकासमोर चालणारा. घरून आणलेली पेन्सिल कार्यालयात वापरायची नाही आणि कार्यालयाची घरी न्यायची नाही. पेन्सिल संपली की मागणीचा अर्ज, अर्जावर सही, सहीनंतर पेन्सिल. अर्ज मंजूर होईपर्यंत हातावर हात ठेवून बसतील. मी एकदा माझी पेन्सिल पुढे केली, तर म्हणाले, “गिरिजाबाई, पायंडा पडतो.” मी कपाळावर हात मारला.

ह्याच स्वभावाने त्यांचा घात केला, ते आधी सांगते.

एकोणनव्वदच्या डिसेंबरात भोरहून तार आली. आई सीरियस, निघ. आमच्यातल्या कुणीही तार खिशात घालून स्टेशन गाठलं असतं आणि अर्ज मागाहून पाठवला असता. नियमातही ते बसतं. कारखानीसांनी मात्र रजेचा अर्ज लिहिला, मुख्यालय सोडण्याच्या परवानगीचा वेगळा लिहिला, दोन्हींना तारेची नक्कल जोडली आणि फाइल वर पाठवली. वरचे साहेब नेमके दौऱ्यावर. फाइल त्यांच्या टेबलावर जाऊन पडली. मी म्हटलं, जा हो, मी बघते. विभागातल्या सगळ्यांनी तेच सांगितलं. ते म्हणायचे, “आज होईल.” रोज सकाळी बॅग भरून कार्यालयात यायचे आणि संध्याकाळी तीच बॅग घेऊन आमच्याबरोबर बसमध्ये चढायचे. सहा दिवस. सातव्या दिवशी मंजुरी आली आणि ते निघाले. पोचले तेव्हा आईला जाऊन दोन दिवस झाले होते.

तात्या दारात उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, “रजा मंजूर झाली का?”

आता ह्यावर कुणीही गप्प बसेल, रडेल, पायावर डोकं ठेवेल. कारखानीस म्हणाले, “हो.” आणि मंजुरीचा कागद खिशातून काढून दाखवला. त्यांना वाटलं, तात्यांना खरंच जाणून घ्यायचंय.

तेव्हापासून तात्या त्यांच्याशी बोलले नाहीत. कारखानीस दर दिवाळीला आणि दर पाडव्याला पत्र लिहायचे, ते न फोडता परत यायचं. एकदा ते भोरला जाऊनही आले. तात्या घरातच होते, पण बाहेर आले नाहीत. शेजाऱ्याकरवी निरोप मात्र पाठवला, की रजा काढून आला असशील तर ती इथे वाया घालवू नकोस. कारखानीस दुसऱ्या दिवशी परतले. परत आलेली पत्रं त्यांनी तारीखवार लावून ठेवली होती. ती फाइल त्यांच्या बायकोने, सुमित्राताईंनी, मला दाखवली होती आणि दाखवताना तोंडाला पदर लावला होता. तात्या तेव्हा ऐंशीच्या घरात होते. माणूस न बोलताच गेला तर, ही एकच भीती त्या घरात होती. ती भिंतीला ओल यावी तशी सगळीकडे होती आणि कुणी तिचं नाव काढत नव्हतं.

ह्या सगळ्यात ती मालिका आली.

चौऱ्याण्णव साल. ‘दक्खिनी सवार’ नावाची हिंदी मालिका दर रविवारी सकाळी दहाला लागायची. दक्षिणेतून निघालेली एक घोडदळाची तुकडी, तिचा सुभानराव नावाचा सरदार, वाटेतल्या नद्या, किल्ले, दगाबाजी, लढाया. सगळं काल्पनिक. मी जुन्या कागदांत आयुष्य घालवलेली बाई. पहिल्या भागाला मी नाक मुरडलं. घोडे सहाच होते, तेच टेकडीमागून वळसा घालून परत यायचे. एका घोड्याच्या कपाळावर पांढरा चट्टा होता, तो दोन्ही सैन्यांत लढायचा. चिलखतं पत्र्याची, भाले डगमगणारे. आणि तरी पुढच्या रविवारी पावणेदहाला मी गॅस बंद करून बसले होते. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. टापांचा आवाज सुरू झाला की मी पुढे सरकून बसायचे एवढं खरं.

आमच्या सोसायटीत सगळे कुठून ना कुठून आलेले. कुणी महाराष्ट्रातले, कुणी पंजाबातले, दोन घरं बंगाली. सगळीकडे बांधकाम चाललेलं, वाळूचे ढीग, रस्ता अजून व्हायचा होता. पोरं त्या ढिगांवर काठ्या घेऊन चढाया करायची. वीज मात्र हमखास रविवारीच जायची. मग तळमजल्यावरच्या अशोक भाटियांनी युक्ती काढली. त्यांचं बॅटऱ्यांचं दुकान होतं. ते ट्रकची बॅटरी घरी आणून ठेवायचे आणि तिच्यावर छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही लावायचे. सतरंजीवर तीस-चाळीस माणसं बसायची. भाटियांना मराठ्यांच्या इतिहासातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सुभानरावाने तलवार उपसली की सगळ्यात आधी तेच ओरडायचे, “बिल्कुल छोड़ना मत!”

कारखानीस मागे, दाराजवळ बसायचे. ते कधी ओरडले नाहीत. पण त्यांचं बघणं वेगळं होतं. त्यांची मुलगी स्वरूपा तेव्हा दहावीत. दिल्लीत वाढलेली, ती मधेच विचारायची, “बाबा, मुलूखगिरी मतलब?” एरवी हा माणूस कुठल्याही शब्दावर पाऊण तास बोलला असता. पण तेव्हा नुसता हात वर करायचा, थांब.

एकदा बसमध्ये मी त्यांना छेडलं. आमची चार्टर्ड बस यमुनेच्या पुलावर रोज अर्धा तास अडकायची, तेव्हा बोलायला वेळच वेळ. म्हटलं, “कारखानीस, तुम्हाला त्यात एवढं काय दिसतं? एकही तपशील बरोबर नाही.”

ते नदीकडे वळले. मग म्हणाले, “गिरिजाबाई, निरोप येतो आणि तो निघतो.”

“कोण?”

“कोणीही. सुभानराव, त्याचा जासूद, साधा शिपाई. निरोप आला की घोड्यावर टांग टाकतो आणि निघतो. वाटेत मरतो, दगा होतो, तो भाग वेगळा. पण निघतो. मला तेवढंच बघायचं असतं.”



भोरला त्यांचा एक बालमित्र होता, विश्वनाथ. तो शाळेत मास्तर होता आणि तात्यांकडे लक्ष ठेवायचा. महिन्या-दोन महिन्यांनी त्याचं पत्र यायचं, तेवढीच तात्यांची खबर. त्याने लिहिलं, ‘तात्या दर रविवारी दहाला माझ्याकडे टीव्ही बघायला येतात. एक भाग चुकवत नाहीत. लढाया आवडतात, पण चिडतात फार. गेल्या वेळी सरदाराने पत्र लिहिलं ते बॉलपेनने आणि छापील वळणाच्या बाळबोधीत. तात्या उठून उभे राहिले. टीव्हीवाल्यांना तीन कार्डं टाकून झाली आहेत.’

तात्या एकटेच चिडले होते असं नाही. पुण्या-साताऱ्याकडून बरीच कार्डं गेली असावीत, कारण दिवाळीनंतर मालिकेच्या निर्मात्यांचं पत्र आमच्या कार्यालयात येऊन दाखल झालं. सरदार तंबूत बसून घरी खलिता लिहितो असा प्रसंग आहे. मोडी लिहिणारा हात हवा आहे. चेहरा नटाचा, हात तुमचा.

त्यावर फाइल उघडली गेली हे सांगायला नको. हात पाठवावा काय? पाठवल्यास त्याला प्रवासभत्ता द्यावा काय? हाताने काय लिहावं? मजकुराचा मसुदा कारखानीसांनीच केला, जुन्या वळणाचा आणि अगदी चोख. त्यावर तीन सह्या झाल्या. शेवटच्या साहेबांनी शेरा मारला, की अनुमोदित मसुद्यात एका अक्षराचाही फरक होऊ नये. बोरू, शाई आणि हातकागद सांभाळायला सोबत मला पाठवलं.

चित्रीकरण गुडगावच्या पुढे एका माळावर होतं. माळ कसला, तिकडेही चहूबाजूंनी उंच इमारती वर येत होत्या. तंबू अशा बेताने उभा केला होता की मागची पाण्याची टाकी दिसू नये. एक माणूस फक्त एवढंच बघत होता, की क्रेन चौकटीत येत नाही ना. ते सहा घोडे बाजूला बांधलेले होते. मी चट्टेवाल्याला लगेच ओळखलं. खरं सांगते, फार आनंद झाला.

कारखानीसांना सदऱ्याची बाही चढवली, बोटात अंगठी घातली. मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलेला होता, त्यावर रंग लावला. दिग्दर्शक तिशीतला पोरगा, गोड बोलणारा. म्हणाला, “सर, टेन्शन मत लीजिए. कुछ भी लिख दीजिए. पढ़ेगा कौन? बस हाथ चलता रहे.”

कारखानीसांचा चेहरा पडला. “मसौदा अप्रूव्ड है,” ते म्हणाले आणि तालमीत त्यांनी तो अक्षर न् अक्षर लिहून दाखवला. मोडीत आधी कागदभर आडव्या रेघा मारून घेतात आणि मग अक्षरं त्या रेघांना टांगत जातात. लेखणी होता होईतो उचलायची नाही. त्यांचा बोरू असा चालला की दिवे धरणारी माणसंही वाकून बघू लागली.

मग जेवणाची सुट्टी झाली. कारखानीसांनी डबा उघडला नाही. ते घोड्यांपाशी जाऊन उभे राहिले. मी हाक मारली तर म्हणाले, “तो म्हणाला ते ऐकलंत? पढ़ेगा कौन.” मी म्हटलं, जाऊ द्या हो, त्याला काय कळतंय. ते म्हणाले, “वाचणारा एक आहे.”

मला तेव्हाही उमज पडला नाही.

मी चौकटीच्या बाहेर दौत धरून गुडघ्यांवर बसले होते. शांतता झाली. कॅमेरा वरून कागदावर. त्यांनी रेघा मारल्या, बोरू बुडवला आणि पहिला शब्द लिहिला. मसुद्याचा पहिला शब्द होता ‘मातुश्री’. कागदावर उमटला ‘तीर्थरूप’.

 तीन सह्या, अक्षराचाही फरक होऊ नये, मी सोबतची जबाबदार व्यक्ती. कट म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण बोरू थांबेना. तीर्थरूप तात्यांचे सेवेसी अपत्ये शांतारामाने शिरसाष्टांग नमस्कार. विज्ञापना ऐसीजे. आईचे वेळी मी रजेची वाट पाहिली. निघावयाचे होते. निघालो नाही. ती चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. त्याची माफी मागावयास पाच वर्षे पत्रे लिहितो आहे...

मी तोंड मिटलं. कागद पुरा भरला.

“कट! ब्यूटिफुल!” दिग्दर्शक धावत आला. “सर, क्या लिखा?”

“जो लिखना था,” कारखानीस म्हणाले.

कागद त्यांनी मागितला, पण तो मालिकेच्या सामानात जमा झाला. परतीच्या गाडीत ते ताठ बसले होते. दिल्लीत शिरून धौलाकुआँचा चौक आला तेव्हा म्हणाले, “तुम्हाला कळवायचं असेल तर कळवा. तुमची अडचण व्हायला नको.”

“काय कळवायचं?”

“मसुद्यात फरक झाला.”

मी चिडले. इतकी चिडले की ड्रायव्हरने मागे वळून बघितलं. “पाच वर्षांपूर्वी मी जा म्हणाले तेव्हा गेला नाहीत, आणि आता मला कळवायला सांगता? मी दौत धरायला आले होते. दौत धरली. मला मोडी फारशी येत नाही.”

ते पहिल्यांदा हसले. “पत्र परत पाठवता येतं हो त्यांना,” म्हणाले. “टीव्ही कसा परत पाठवतील?”

तो भाग कधी लागणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग पाच-सहा रविवार आम्ही दोघं श्वास रोखून बसायचो, सुभानराव मुलूख मारत सुटायचा, आणि पत्र काही लिहायचा नाही. सोसायटीला एवढंच माहीत होतं की कारखानीसांचा हात येणार. भाटियांनी अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं. काय लिहिलंय ते सुमित्राताईंनाही माहीत नव्हतं.

जानेवारीत एका रविवारी तो आला. वीज गेली होतीच. धुक्याने खिडक्या पांढऱ्या झालेल्या, सतरंजीवर दाटीवाटी, चौदा इंची पडदा. तंबू, समई, नटाचा चिंताक्रांत चेहरा, आणि मग हात.

“ह्यांचाच हात!” सुमित्राताई ओरडल्या. भाटियांनी टाळ्या पिटल्या. मागून हिंदीत सरदाराचा आवाज सुरू झाला, माँसाहेब, युद्ध सामने है वगैरे, आणि पडद्यावर बोरू चालत होता. तीर्थरूप तात्यांचे सेवेसी. स्पष्ट, ठळक. भोरला चष्म्याशिवायही वाचता येईल एवढं. शिरसाष्टांग नमस्कार. विज्ञापना ऐसीजे. आईचे वेळी मी...

आणि कॅमेरा समईवर गेला. समईवरून तंबूच्या कापडावर, तिथून बाहेर घोड्यांवर. पत्र संपलं.

“बाबा, क्या लिखा था?” स्वरूपाने विचारलं. सगळे वळून बघू लागले. कारखानीस पडद्याकडेच बघत होते. पूर्ण कागदातली दीड ओळ दिसली होती. माफी तर खालीच राहिली.

“रसद मागितलीय,” मी म्हटलं. “घोड्यांना चारा नाही म्हणून.”

“बेचारे घोड़े,” भाटिया म्हणाले.

नंतर जिन्यात सुमित्राताईंनी माझा दंड पकडला. “चाऱ्यासाठी माणूस असा पांढराफटक पडत नाही. खरं सांगा.” मी सांगितलं. त्या जिन्याच्या पायरीवरच बसल्या. “मला विचारल्याशिवाय कोथिंबिरीची जुडी आणत नाही हा माणूस,” म्हणाल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मीही बसले त्यांच्याशेजारी. मला एकच वाटत होतं, की त्या दीड ओळीने आगीत तेल ओतलं तर? आईचं नाव काढलं आणि पुढे काहीच नाही. तात्यांना वाटेल, पोराने तिचाही तमाशा मांडला.

कार्यालयात कुणाच्या काही लक्षात आलं नाही. साहेबांनी तर अनुमोदित मसुदा पडद्यावर फार शोभून दिसला म्हणून कारखानीसांचं कौतुक केलं. कारखानीसांनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. विश्वनाथचं पत्र आलं नाही. आठ दिवस गेले, दहा गेले. ते बसमध्ये बसायचे आणि पुलावर नदीकडे बघायचेही नाहीत.

अकराव्या दिवशी सकाळी बसमध्ये त्यांनी माझ्यासमोर एक पोस्टकार्ड धरलं. आदल्या दिवशी संध्याकाळी आलेलं. “पत्ता त्यांच्या हातचा आहे,” ते म्हणाले. “मला वाचवत नाही. तुम्ही वाचा.” रात्रभर त्यांनी ते उलटं करून ठेवलं होतं.

आत मोडी. थरथरत्या हाताची, पण एक रेघ ढळलेली नाही. मी हळू वाचलं. ‘चिरंजीव शांताराम यासी अनेक आशीर्वाद. रविवारी पत्र पाहिले. आईचे वेळी मी, येथपर्यंत दिसले. पुढे दिवा दाखविला. पुढील मजकूर कळला नाही. तो समक्ष येऊन सांगणे.’

बस तेव्हा पूल उतरून आयटीओच्या चौकात थांबली होती. कारखानीस उठले. दफ्तराच्या कपाटाची किल्ली खिशातून काढून त्यांनी माझ्या हातात दिली. “भाटियांच्या फोनवर सुमित्राला सांगा,” म्हणाले. अर्जाचं काही बोलले नाहीत. सिग्नल सुटायच्या आत ते खाली उतरले आणि डब्याची पिशवी सावरत स्टेशनच्या दिशेने झपाझप निघाले. पुण्याची गाडी सकाळचीच असते. साहेबांनी अकराला विचारलं, कारखानीस कुठायत? मी सांगितलं, गावी गेले. पुढे त्यांना मेमो मिळाला, आणि त्यांनी तो इतर मेमोंप्रमाणेच नीट उत्तर देऊन फाइलला लावला.

भोरला काय झालं ते त्यांनी मला आठवड्याने सांगितलं, त्याच बसमध्ये.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पोचले. तात्या अंगणात खुर्ची टाकून उन्हाला बसले होते. कारखानीस फाटकाच्या आत येऊन उभे राहिले. अंगावर कालचेच कपडे, हातात डब्याची पिशवी.

“कागद आणलास?” तात्यांनी विचारलं.

“त्यांनी ठेवून घेतला.”

“मग तोंडी सांग. विज्ञापनेपासून.”

कारखानीसांनी उभ्याउभ्या सगळं म्हणून दाखवलं. रजेची वाट पाहिली. निघालो नाही. चूक माझी. शेवटी आवाज फुटला, पण सोडलं नाही, पूर्ण म्हटलं. तात्या मान खाली घालून ऐकत होते. 

“ती रोज विचारायची,” तात्या म्हणाले. “डोळे उघडले की विचारायची, शांता निघाला का. मी सांगायचो, निघालाय, गाडी लेट आहे. सगळे दिवस मी तिला हेच सांगितलं. तुझ्यापायी मी तिच्याशी खोटं बोललो, शांता. शेवटचं जे बोललो तेही खोटंच.”

कारखानीस तिथेच मातीत बसले. तात्या काठी टेकत खुर्चीतून उठले, त्यांच्याजवळ आले आणि त्यांच्या हातातली पिशवी त्यांनी काढून घेतली.

“बरीच लेट झाली गाडी,” ते म्हणाले. “ऊठ. पाय धू आणि आत ये.”